कोणाच्या हातची गाडी

बाबांची चेतक स्कूटर निगडीच्या गॅरेजात उघडून ठेवली होती. मिस्त्रींनी प्लग काढला, पॉलिश पेपरने काजळी घासली, उजेडात धरून पाहिला. "चालेल अजून," म्हणाले. मला मात्र तो निळसर धूर नकोसा होतो. इलेक्ट्रिक घ्यावी, असं कधीपासून मनात आहे.

घ्यायची तर कोणाची? जाहिरातीत हिरवं पान दिसतं, त्यापलीकडे काही कळत नाही. बॅटरीतलं लिथियम कुठून येतं, निकामी बॅटरी कुठे जाते? आणि गाडी जोडणारा पोरगा कायम आहे की कंत्राटी? आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. चाकणकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये डबा मांडीवर घेऊन झोपलेली पोरं रोज दिसतात. २०१३ साली बजाजच्या चाकण कारखान्यातल्या कामगारांनी ५० दिवस संप केला. त्यांच्या एका मागणीने मी थबकले होते: कंपनीचे शेअर, एका रुपयाला एक. ती मान्य झाली नाही. मला ती रास्त वाटली होती, आजही वाटते.

बाबांची चेतकही बजाजचीच; १९७२ पासून ती आकुर्डीत बनायची. आता तिथेच इलेक्ट्रिक चेतक बनते. गावची गाडी म्हणून विश्वास ठेवावासा वाटतो, हेही खरं.

मिस्त्री म्हणाले, "ताई, दुरुस्त होणारी घ्या. पार्ट मिळतात का ते आधी बघा." हे मी वहीत लिहून घेतलंय. कामगारांचा प्रश्न त्याच्या वर लिहिला. तो नेमका कोणाला विचारायचा, ते अजून ठरत नाही.