नकाशा आणि फेरफार

आमच्या गोरेगावात शेताचे भांडण निघाले की जाणते लोक आधी सातबारा मागतात. नमुना ७ मध्ये मालक, १२ मध्ये पिके. मालक का बदलला हे नमुना ६ मधील फेरफार सांगतो. नकाशा मात्र जुनाच. वडील व काका वेगळे झाले, सातबारे दोन झाले, पण नकाशावर बांध उमटला नाही. आज दोघांत बोलणे नाही.

पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करणारा मावसभाऊ दिवाळीत म्हणाला, "आमच्याकडेही तेच रे! प्रोग्रॅम रोज बदलतो, त्याच्या रचनेचे चित्र जुनेच राहते." म्हणून २०१४ साली निघालेल्या मर्मेडसारख्या साधनात चित्र हाताने काढीत नाहीत. कोणता भाग कोणाला जोडला ते ओळींत लिहायचे. चौकोन-बाण आपोआप उमटतात. ओळी प्रोग्रॅमशेजारीच राहतात, आणि कोणी केव्हा काय बदलले हे गिट टिपून ठेवते. फेरफारच की तो! अर्थात ओळ बदलायला माणूस बसावाच लागतो.

सायमन ब्राऊन यांची सी-फोर पद्धत मला अधिक पटली. एकाच रचनेची चार चित्रे: आधी सारे शिवार, मग गट, मग पोटहिस्सा, शेवटी सरी, असे मी ते समजून घेतले. आमचे घर तिसऱ्या चित्रात अडले आहे. चुलतभावाला घेऊन बांधावर टेप धरणार आहे; वडिलांना अजून सांगितलेले नाही.