दीर्घिका आणि उत्तरपत्रिका

उत्तरपत्रिका तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. लाल शाईने गुण लिहिले की ते अंतिम, अशी या कामाची रीत. तिच्यावरचा माझा विश्वास डळमळला, तो दीर्घिका पाहताना.

जुलै 2007 मध्ये ऑक्सफर्डमधील केविन शाविन्स्की आणि ख्रिस लिंटॉट या खगोलशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह ‘गॅलेक्सी झू’ हा उपक्रम सुरू केला. स्लोन सर्वेक्षणाच्या न्यू मेक्सिकोतील दुर्बिणीने टिपलेल्या सुमारे नऊ लाख दीर्घिकांचे वर्गीकरण करायचे होते. त्यांपैकी पन्नास हजार शाविन्स्की यांनी एकट्याने पाहिल्या होत्या. उरलेल्यांसाठी सामान्य लोकांनाच हाक घालण्यात आली. पडद्यावर एक दीर्घिका येई. ती सर्पिल की लंबवर्तुळाकार, सर्पिल असल्यास तिचे बाहू कोणत्या दिशेने वळलेले, एवढेच सांगायचे. वर्षभरात पाच कोटींहून अधिक उत्तरे जमली.

त्यांतली काही माझी. पहिल्या रात्री मी परीक्षकाच्या रुबाबात बसलो. मग कळले, की प्रत्येक चित्र अनेकांना दाखवले जाते आणि माझा निर्णय हे केवळ एक मत असते. आधी मी हिरमुसलो. नंतर मात्र हायसे वाटले.

पुढे एक विलक्षण गोष्ट समोर आली. घड्याळाच्या उलट दिशेने वळलेल्या दीर्घिकांना अधिक मते पडत होती. विश्वाचा कल खरोखरच एका बाजूला आहे काय? संशोधकांनी काही चित्रे आरशातल्यासारखी उलटी करून लोकांपुढे ठेवली. दीर्घिका उलटल्या, तरी मतांचे पारडे पूर्वीच्याच बाजूला झुकले. दोष आकाशात नव्हता, पाहणाऱ्यांत होता. त्यांनी लबाडी केली नव्हती. ते प्रामाणिकपणेच चुकत होते.

त्या रात्री मला एक जुनी उत्तरपत्रिका आठवली. गिचमिड अक्षरातला निबंध, उत्तीर्ण होण्यास दोन गुण कमी. तो मुलगा पुढच्या वर्षी शाळेत आला नाही. मी चुकलो होतो काय? सांगता येत नाही. तो निबंध माझ्याखेरीज कोणीच वाचला नव्हता.

याच उपक्रमात हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी एक चमत्कारिक डाग दिसला. तो कोणत्याच रकान्यात बसेना. तिने तो ओढूनताणून बसवला नाही. ‘हे काय आहे?’ असे सरळ विचारले. तो वायूचा प्रचंड मेघ निघाला. शेजारच्या दीर्घिकेचे केंद्र पूर्वी प्रखर तेजाने तळपत होते. ते तेज मंदावल्यावरही हा मेघ त्या जुन्या प्रकाशाने उजळलेला दिसत होता. आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो.

तेव्हापासून मी गुण आधी पेन्सिलीने लिहितो. काठावरची उत्तरपत्रिका शेजारच्या टेबलावर सरकवतो आणि सहकाऱ्याला म्हणतो, “जरा पाहता का? माझे गुण मात्र आधी सांगणार नाही.”