बसणारा भाग आणि बसवलेला भाग

१/ यंत्राचा एखादा भाग झिजला की नवा आणून बसवावा, ही गोष्ट आज इतकी साधी वाटते की तिलाही इतिहास असेल असे मनात येत नाही. परंतु भाग आपोआप ‘बसणे’ आणि तो कारागिराने ‘बसवणे’ यांत मोठे अंतर आहे. हे अंतर समजून घेण्यासाठी अमेरिकी सैन्याच्या .४५ कॅलिबरच्या एम१९११ पिस्तुलाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. #धागा #इतिहास

२/ अठराव्या शतकापर्यंत प्रत्येक बंदूक स्वतंत्रपणे जन्मास येई. एकीचा मोडलेला तुकडा दुसरीत बसत नसे. कारागीर गाठावाच लागे. १७८५ साली फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लां या बंदूककाराने थॉमस जेफरसन यांना पन्नास बंदुकांच्या चापयंत्रांचे सुटे भाग दाखवले. जेफरसन यांनी हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः जोडून पाहिले. ते चपखल बसले.

३/ ही कल्पना अमेरिकेत गेली, पण रुजायला वेळ लागला. एली व्हिटनी यांनी १७९८ मध्ये १०,००० बंदुकांचे कंत्राट घेतले आणि परस्परांत बसणाऱ्या भागांचे श्रेयही मिळवले. मात्र त्यांच्या उरलेल्या बंदुका पुढे तपासल्या असता भाग अदलाबदल होत नाहीत असे आढळले. ते खऱ्या अर्थाने साधले १८२० च्या दशकात, हार्पर्स फेरी येथील जॉन हॉल यांच्या कारखान्यात. तेही काटेकोर गेजांच्या बळावर.

४/ या सोयीची एक किंमत होती. हजार बंदुकांपैकी कोणताही भाग कोणत्याही बंदुकीत बसायचा असेल, तर प्रत्येक मापाला थोडी मुभा ठेवावी लागते. सर्वांत जाड तुकडा सर्वांत अरुंद खाचेतही शिरला पाहिजे. म्हणजेच सरासरी बंदुकीत भागांमध्ये किंचित पोकळी राहणार. अदलाबदल हवी असेल तर थोडी ढिलाई पत्करावीच लागते.

५/ जॉन ब्राउनिंग यांचे पिस्तूल अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले. त्याआधीच्या चाचणीत त्यातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या. पिस्तूल तापले की पाण्यात बुडवून थंड करायचे आणि पुन्हा झाडायचे. ते एकदाही अडले नाही. त्याची रचनाही अशी की सैनिकाला ते हत्यारांवाचून पूर्ण उलगडता येई. त्याचाच एक भाग दुसरा भाग सोडवण्यास कामी येई.

६/ दुसऱ्या महायुद्धात या तत्त्वाची खरी कसोटी लागली. मूळची कोल्ट कंपनी होतीच; जोडीला टंकलेखन यंत्रांची रेमिंग्टन रँड, शॉटगन बनवणारी इथाका, रेल्वे सिग्नलांची युनियन स्विच अँड सिग्नल आणि शिवणयंत्रांची सिंगर. सिंगरने अवघी ५०० पिस्तुले केली. करार मात्र सर्वांना एकच: तुमचा भाग इतर कोणाच्याही पिस्तुलात बसला पाहिजे.

७/ १९४५ नंतर सैन्याने कित्येक दशके हे पिस्तूल नव्याने विकत घेतलेच नाही. शस्त्रागारांत जुनी पिस्तुले उलगडली जात, भागांचे ढीग होत आणि त्यांतून पुन्हा पिस्तुले जोडली जात. सांगाडा एका कारखान्याचा, स्लाइड दुसऱ्याची, नळी तिसऱ्याची. रॉक आयलंड, ऑगस्टा अशा शस्त्रागारांचे शिक्के आजही त्यांवर दिसतात. ब्लां यांचे स्वप्न येथे पूर्ण साकारले होते.

८/ त्याच वेळी ओहायोतील कँप पेरीच्या नेमबाजी मैदानावर या स्वप्नाची दुसरी बाजू उघडी पडत होती. तेथे ५० यार्डांवरच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम ३.३६ इंचांचे. हलवल्यावर खुळखुळणारे पिस्तूल रणांगणावर चिखल पचवी, पण येथे हरे. मग सैन्याच्याच कारागिरांनी कानस हाती घेतली आणि कारखान्याने ठेवलेली पोकळी एकेका पिस्तुलातून हाताने काढून टाकली.

९/ हीच विद्या नागरी कारागिरांकडेही होती. लुइझियानाचे जिम क्लार्क हे बंदूककार. १९५८ चे राष्ट्रीय पिस्तूल विजेतेपद त्यांनी पटकावले. १९७७ मध्ये आर्कान्सामधील बेरीव्हिल येथे बिल विल्सन यांनी घरच्या जवाहिऱ्याच्या दुकानामागे पिस्तुलांचे काम सुरू केले. ते मूळचे घड्याळजी. केसाएवढ्या फरकाशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांच्याकडे हे काम यावे यात नवल नाही.

१०/ यातून बाहेरच्या कंपन्यांच्या बदली भागांची बाजारपेठ उभी राहिली: नळ्या, बुश, चाप, माशा, सेफ्टी. गंमत अशी की यांतले उत्तम भाग मुद्दाम किंचित मोठे बनवले जातात. ते थेट बसतच नाहीत; कारागिराने त्या एका पिस्तुलाचे माप पाहून त्यांना घासायचे असते. शतकभर खपून यंत्रयुगाने घालवलेली कानस गिऱ्हाईक पैसे मोजून परत आणत होते.

११/ हे काम हौसेचे खरे, पण निरुपद्रवी नाही. घोडा अडवून धरणाऱ्या चिमुकल्या तुकड्याशी सेफ्टीचा मेळ नेमका जमला नाही, तर बाहेरून खटका बंद दिसतो आणि आतून पिस्तूल सुरक्षित नसते. चुकीचा बसलेला भाग कधी कधी न बसलेल्या भागाहून घातक ठरतो. म्हणूनच हे काम शिकलेल्या हातांचे मानले गेले.

१२/ कथेचे सर्वांत विलक्षण वळण क्वांटिको येथे आहे. १९८५ मध्ये सैन्याने बेरेटाचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल स्वीकारले; पण मरीन दलाच्या विशेष तुकड्यांना .४५ च हवे होते. नवे मिळेना. तेव्हा क्वांटिकोच्या कारागिरांनी चाळीस वर्षे जुने सांगाडे निवडले, आतले सारे काढले आणि बाजारातले बदली भाग एकेक करून हाताने बसवले.

१३/ म्हणजे अदलाबदलीचा आग्रह ज्या सरकारने धरला, त्याच सरकारच्या शस्त्रशाळेत प्रत्येक पिस्तूल पुन्हा वेगळे झाले. एकाचा भाग दुसऱ्यात जाईलच याची खात्री उरली नाही. ही व्यवस्था मूठभर निष्णात हातांवर चालली. शेवटी २०१२ मध्ये मरीन दलाने कोल्टकडून पुन्हा नवी पिस्तुले मागवली. हात दुर्मीळ होतात तेव्हा कारखान्याकडे वळावेच लागते.

१४/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शस्त्रागाराने बदललेली स्लाइड हाही पुरावाच. तो युद्धोत्तर काळाची हकीकत सांगतो. पण जुन्या सांगाड्याला नवी माशी बसावी म्हणून मारलेली कानस मूळ खुणा कायमच्या पुसते. धातू एकदा घासला की परत भरत नाही. सिंगरच्या त्या ५०० पिस्तुलांपैकी एखाद्याला तरी असा हात लागला असेल, तर त्या कारखान्याची साक्ष तेवढी कमी झाली.

१५/ म्हणून संग्रहालयात असे पिस्तूल दिसले तर केवळ नाव आणि साल वाचून पुढे जाऊ नये. शिक्के किती कारखान्यांचे आहेत, कडा यंत्राने कापलेल्या की हाताने घासलेल्या, हे पाहावे. त्या कडांवरूनच कळते की ते शस्त्र कोणाही सैनिकासाठी घडले होते, की कोणा एकासाठी पुन्हा बसवले गेले होते.