आधी विचारायचं कुणाला?

टिटवाळ्याच्या महागणपतीची कथा बहुतेक जण मूर्ती सापडल्यापासून सांगतात. मला त्याआधीचा भाग जवळचा वाटतो. आख्यायिका अशी, की माधवराव पेशव्यांच्या काळात गावात पाण्याची टंचाई होती. म्हणून सरदार रामचंद्र मेहेंदळे यांनी तळ्याचा गाळ उपसायला घेतला आणि त्या गाळात गणपती मिळाला. आज अंगारकीला जिथे रांगा लागतात, त्या देवळाच्या मुळाशी गावाची साधी गरज आहे, प्यायच्या पाण्याची.

संगणकप्रणाली तयार करण्याआधी लोकांच्या गरजा समजून घेणं हे माझं काम. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. ‘तुम्हाला काय हवंय?’ असं विचारलं की माणूस अडचण सांगत नाही, मनात योजलेला उपाय सांगतो. एका साहेबांना रोजचा अहवाल हवा होता. ‘अहवाल वाचून पुढे काय करता?’ असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘गोदामात फोन करून माल शिल्लक आहे का ते विचारतो.’ म्हणजे हवा होता तो शिलकीचा खरा आकडा. आणि गोदामातला माणूस शिलकीच्या नोंदी दिवसातून एकदाच, संध्याकाळी करायचा. अहवाल कितीही देखणा झाला असता, तरी आकडा शिळाच राहिला असता. हे सांगू शकणारा माणूस मात्र बैठकीला बोलावलेलाच नव्हता.

बैठकीला कोण नाही, याची किंमत किती मोठी असते ते आमच्या कसारा रेल्वेमार्गावर दिसतं. टिटवाळ्याच्या पुढे शहापूर तालुका. तिथल्या तानसा धरणाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातं, पुढे भातसाचंही जाऊ लागलं. मुंबईची गरज खरी होती, ती नीट मोजली गेली आणि भागलीही. पण त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अभियांत्रिकी कमी पडली नाही. हंडा वाहणाऱ्या बाईची गरज आराखड्यात आलीच नाही.

पाणलोटाच्या कामांत आराखड्याआधी शिवारफेरी काढतात, ती मला म्हणूनच मोलाची वाटते. गावकऱ्यांसोबत बांधाबांधाने चालताना ओढा कुठे फुटतो, कुठली विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते, हे समोर येतं. कार्यालयात बसून भरलेल्या तक्त्यात ते येत नाही.

सुरुवातीचे हे दिवस वाया जातात अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. मला ते सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे दिवस वाटतात. मागण्यांची यादी पुरी झाली की सहीआधी मी एक प्रश्न विचारतोच: हे झाल्यावर कुणाचं काम वाढणार आहे? उत्तरात ज्याचं नाव येईल, त्याला भेटल्याशिवाय काम सुरू करू नये.