लाल गुलाबाचा लाल

लाल गुलाब वाळवून लाल ठेवणं मला जमतं, असं मी बरीच वर्षं सांगत आले. भिलाईत हे काम करणाऱ्या आणखीही काही जणी आहेत. त्यांचे लाल काळपट जातात, माझे जात नाहीत, याचा मला गर्व होता. तो चारचौघांत बोलून दाखवायलाही मी कमी केलं नाही.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं. नवं भिंग बसलं, तो निळा परत आला आणि माझ्या काचपेट्यांतल्या लाल गुलाबांवर मला आधी तोच दिसला. पाकळ्यांच्या कडा जांभळट, गाभा जवळजवळ काळा. माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी शांतपणे म्हणाली, "काकू, मला वाटलं तुम्हाला हा रंग असाच हवा असतो." चित्रकार मोने यांचं असंच ऑपरेशन 1923 मध्ये झालं आणि पुढे त्यांनी आपल्या काही चित्रांवर पुन्हा हात फिरवला. चित्रावर ब्रश फिरवता येतो, वाळलेल्या पाकळीवर नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा लाल सोडून दुसरं काही नाही.

पिवळा गुलाब मुळीच त्रास देत नाही. त्याचा रंग बहुतेक कॅरोटिनॉइडचा. पाणी गेलं तरी तो बराच टिकतो. पांढरा सायीच्या रंगावर येतो, तोही शोभतो. लालाचं दुखणं वेगळं आहे. त्याचा रंग पेशीतल्या पाण्यात विरघळलेला असतो. पाणी उडालं की तो दाट होतो, आणि भोवतालचा आंबटपणा कमी झाला की निळ्याकडे झुकतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विल्श्टेटर यांनी 1913 च्या सुमारास निळ्याशार कॉर्नफ्लॉवरमधून सायनिन नावाचं रंगद्रव्य वेगळं काढलं आणि तेच त्यांना लाल गुलाबातही सापडलं. म्हणजे निळा आमच्या गुलाबात बाहेरून येत नाही, तो आतच असतो. शिवाय ताज्या पाकळीच्या पृष्ठभागावरच्या पेशी शंकूसारख्या उभ्या असतात. मखमल दिसते ती त्यांच्यामुळे. वाळताना त्या बसतात आणि उजेड खेळवणारी ती मखमल संपते.

सिलिकात फूल कसं ठेवायचं हे या कामातल्या कुणाला सांगायला नको. अडतं ते गाभ्यापाशी. बाहेरच्या पाकळ्या लवकर वाळतात. आतला घट्ट वेढा आणि त्याखालची जाड गाठ मात्र ओल धरून बसते. लाल जातो तो तिथे. जितकी ओल रेंगाळते तितका तो काळवंडतो. म्हणून मी हल्ली चमच्याऐवजी कागदाच्या बारीक नळीने सिलिका सोडते; पाकळी आणि पाकळीमधल्या फटीत, एका बाजूने, डबा हळूहळू फिरवत. घाई केली तर मधला वेढा एका कुशीवर झोपतो आणि ते फूल गेलं. माझी बोटं आता थोडी थरथरतात. हा भाग मुलगी करते आणि तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे लिहिताना मला जड जातंय, पण खरं आहे.

लिंबूसत्वाच्या पाण्यात आधी बुडवून पाहिलं. रंग थोडा उजळ राहतो, पण पाकळीवर डाग पडतात आणि भिजलेल्या फुलाला वाळायला जास्त वेळ लागतो. एका हाताने दिलं, दुसऱ्याने नेलं.

भिलाईची हवा या कामाला अर्धं वर्ष साथ देते. दिवाळीच्या आधी छाटलेल्या गुलाबांना डिसेंबर ते फेब्रुवारी मोठी फुलं येतात. उन्हाळ्यात लू इतकी कोरडी असते की अंधाऱ्या खोलीत उलटं टांगलेलं फूल लवकर कडक होतं. फक्त त्या खोलीत कूलर लावायचा नाही, कूलर म्हणजे पाणीच. जूनच्या मध्याला पाऊस लागला की सिलिकाचे निळे दाणे बघता बघता गुलाबी होतात, पुन्हा पुन्हा भट्टीत तापवावे लागतात. आणि उघड्यावरचं वाळलेलं फूल हवेतली ओल पिऊन मान टाकतं. कारखान्याच्या गावात धूळही आहेच. ती वाळलेल्या पाकळीवरून पुसता येत नाही. काच हवीच.

लाल हवा असेल तर लाल वाळवूच नका, भडक गुलाबी किंवा नारिंगी झाक असलेलं फूल घ्या, ते वाळून लाल होतं. ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे, सजावटीच्या कामात मीही ती वापरते. पण मुलीच्या लग्नातल्या हारातलं फूल घेऊन आई येते, किंवा कुणी वडिलांच्या अंत्यदर्शनातलं फूल रुमालात गुंडाळून आणतं, तिथे ही युक्ती काय कामाची? त्यांना लाल गुलाब नको असतो, तो गुलाब हवा असतो.

इथेच माझं बाजाराशी भांडण आहे. काचेच्या घुमटात विकले जाणारे ते कायमचे ताजे गुलाब: त्यांच्यातलं पाणी आणि रंग दोन्ही काढून ग्लिसरीनसारखं द्रव्य आणि नवा रंग भरलेला असतो. दिसतात सुंदर. पण तो लाल कारखान्याचा आहे, फुलाचा नाही. काळ्या पडलेल्या फुलावर स्प्रे मारून देणारे तर त्याहून वाईट. आठवण सांभाळायला दिलेल्या माणसाला ते दुसऱ्याच कुणाचा चेहरा परत करतात.

हे म्हणायचा अधिकार मला किती, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या डोळ्याने मला तोच रंग फुकट भरून दिला होता, आणि तो माझ्या हाताचा गुण आहे असं मी मिरवत राहिले.

आता फूल घेतानाच मी सांगते: हे काळसर होईल. वर्षभरापूर्वी वाळवलेलं एक फूल समोर ठेवते, दिवसाच्या उजेडात. काही जण परत जातात. जाऊ देते. या कामातल्या मैत्रिणींना माझं एवढंच सांगणं आहे: नमुना खिडकीपाशी दाखवा, पिवळ्या बल्बखाली नाही.