घर फिरतंय की अंधारी येतेय?

हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर ताईनं एका बाईची चक्कर नुसत्या हातांनी घालवली! गोळी नाही, इंजेक्शन नाही, सलाईन तर नाहीच नाही.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. सोलापूरच्या पूर्व भागात तिचा दवाखाना आहे. यंत्रमागाची पाळी सुटली आणि विड्यांचा माल देऊन बायका परतल्या, की तिथं बाकावर टेकायला जागा उरत नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, भाषा कुठलीही असो, तक्रारी त्याच. अंग मोडून आलंय, गॅस झालाय, चक्कर येतेय, ताप उतरेना. ज्यांची हरकत नव्हती त्यांच्या वेळी मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होते.

अक्का आल्या त्या भिंत धरूनच. साठीच्या पुढच्या, सारी हयात विड्या वळण्यात गेलेली. "बीपी वाढलंय, सलाईन लावा." बीपी तर ठीक निघालं. ताईनं विचारलं, "अक्का, चक्कर म्हणजे डोळ्यांपुढं अंधारी येते, का घर फिरतं?"

"घर गरगर फिरायलंय बघा. कूस बदलली की सुरू."

"किती वेळ?"

"डोळे गच्च मिटून पडले की थांबतंय लगेच."

या एवढ्या बोलण्यात निम्मं निदान झालं होतं! तरी ताईनं घाई केली नाही. अक्कांना हसायला लावलं, दोन्ही हात समोर धरायला लावले, चालवून पाहिलं, एकाचे दोन दिसतात का विचारलं. चक्कर मेंदूतल्या झटक्याचीही असू शकते, म्हणून ती शंका आधी फेडून घ्यायची.

मग अक्कांना टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन मागं आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली जाईल असं. काही क्षण काहीच नाही. आणि एकदम त्यांची बुबुळं आपोआप थरथरत गोल फिरू लागली! मी स्टुलावरून उठूनच उभी राहिले. अक्कांनी ताईचा दंड घट्ट पकडला होता. अर्ध्या मिनिटात बुबुळं शांत झाली. ताईनं मान डावीकडे वळवून धरली, थांबली. मग अक्कांना कुशीवर घेऊन चेहरा जमिनीकडे केला, पुन्हा थांबली. आणि हळूच उठवून बसवलं. थोड्या वेळानं पुन्हा आडवं केलं, तर बुबुळं जागच्या जागी! अक्का टेबलावरून उतरल्या आणि भिंतीला हात न लावता दारापर्यंत गेल्या.

आपल्या आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात. ते जागा सोडून तिथल्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की मान हलताच मेंदूला खोटा निरोप जातो: आपण फिरतोय. ताईनं ते कण नळीतून फिरवून मूळ जागी नेऊन सोडले. निदानाची चाचणी लंडनच्या डिक्स आणि हॉलपाइक यांनी 1952 मध्ये मांडली. उपाय अमेरिकेतल्या डॉ. जॉन एपली यांचा. सुरुवातीला सहव्यवसायी त्यांना हसले होते; 1992 मध्ये त्यांनी तो सविस्तर प्रसिद्ध केला. इतकी वर्षं झाली, तरी आपल्याकडे किती घरांत अजून चक्कर म्हणजे बीपीच!

त्यानंतर माझं लक्ष ताईच्या प्रश्नांवरून हटेना. सगळ्यात जास्त शक्यता कशाची, हे ती ओळखतेच. पण त्याच दमात, नजरेतून सुटलं तर जिवावर बेतेल असं काय, तेही शोधते. पाठ दुखते म्हणणाऱ्याला लघवीला त्रास होतो का, मांडीच्या आत बधिर लागतं का, असं विचारते. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला असेल तर थुंकी तपासायला पाठवते. "गॅसची गोळी द्या" म्हणत आलेल्या पन्नाशीच्या मागवाल्याच्या कपाळावर घाम दिसला, तशी रांग थांबवून तिनं आधी ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भागाच्या झटक्यात दुखणं पोटाच्या वरच्या बाजूला जाणवू शकतं! त्याला ॲस्पिरिन चावून खायला दिली, 108 बोलावली, सिव्हिलला फोन केला. गोळी घेऊन तो घरी गेला असता, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला.

आणि सलाईन! अर्ध्या लिटरच्या साध्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बस्स. उन्हाळ्यात मागाच्या शेडमधून घामानं निथळत आलेल्या, पण शुद्धीवर असलेल्या, पाणी पोटात ठरणाऱ्या माणसाला ताई सावलीत बसवते आणि ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून देते. त्यात मिठाबरोबर ग्लुकोज आणि पोटॅशियमही असतं, आणि ग्लुकोजच्या सोबतीनं मीठ आतड्यातून झपाट्यानं रक्तात जातं, पाठोपाठ पाणीही. डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-ग्लुकोजच्या अशाच द्रावणावर असंख्य जीव वाचवले.

शेवटी एक आजी नातवाला घेऊन आल्या. डेंगीचा ताप आज उतरलेला, म्हणून आजी खुशीत. ताईनं मात्र त्यांना समोर बसवून घेतलं. डेंगीत खरा धोका ताप उतरतो तेव्हाच सुरू होतो, पुढचे एक-दोन दिवस जपायचे! मला हे ठाऊकच नव्हतं. पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याची दुसरी गोळी द्यायची नाही, पाणी पाजत राहायचं, उद्या रक्त पुन्हा तपासायचं. आणि यातली एक जरी खूण दिसली तरी रात्री कितीही वाजता सिव्हिल गाठायचं. ताईनं आजींकडून त्या खुणा म्हणवून घेतल्या, आजींनी बोटांवर मोजल्या, त्यांच्याबरोबर मीही: पोटात सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, पोर मलूल पडणं, लघवी कमी होणं.