योजनेत बसतं का?

खारघरला टाटा आहे की, असं पनवेलमध्ये कुणीही पटकन म्हणतं. मध्ये खांदेश्वर आणि मानसरोवर ही दोनच स्टेशनं. टाटा म्हणजे तिथलं अ‍ॅक्ट्रेक. परळमधली कॅन्सर संशोधनाची संस्था २००२ मध्ये खारघरला आली आणि २००७ पासून टाटाचं अस्थिमज्जा प्रत्यारोपणही तिथेच होतं. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत रक्तात सोडायचं, हा कार-टी उपचार भारतात पहिल्यांदा झाला तो २०२१ मध्ये, याच आवारात. एवढं सगळं उशाशी असताना रक्ताचा डॉक्टर शोधत फिरणाऱ्याला लोक म्हणणारच, काखेत कळसा नि गावाला वळसा.

ही म्हण कुणाच्या तोंडची असेल? कळसा जिच्या काखेत आहे, तिची तर नक्कीच नाही. ओट्यावर बसून बघणाऱ्या कुणाची तरी असणार. त्याला बाई दिसली, कळसा दिसला, वळसाही दिसला. ती कशासाठी निघाली हे मात्र त्याने विचारलं नाही. ती कळसा विसरली असं त्याने धरूनच टाकलं. पण कळसा रिकामा असेल तर? गावातला आड आटला असेल, किंवा त्या आडावर तिला पाणी भरू देत नसतील. यात नवल काहीच नाही. याच आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडचं चवदार तळं ऐन गावात होतं. ते सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तरी त्या पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावं लागलं, बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तिथवर चालत जावं लागलं. आणि त्यानंतरही लोकांनी मार खाल्ला. तो अपमान वेगळा, त्याच्या शेजारी दुसरं काही ठेवू नये. पण ठराव झाला म्हणजे पाणी मिळालं असं होत नाही, हे या जिल्ह्याला तेव्हापासून ठाऊक आहे. ओट्यावरून बघणाऱ्याला तळं जवळच दिसतं.

आजारपणात तसा ठराव म्हणजे सरकारी योजना. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. पुढे तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं, आयुष्मान भारत जोडली गेली, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आलं. ही मोठी गोष्ट आहे आणि मी ती मनापासून मोठी मानते. लोक मात्र अजून विचारतात, योजना घेणारा रक्ताचा डॉक्टर कोण? डॉक्टर योजनेत नसतोच. रुग्णालय असतं, तेही विभागवार. सकाळी योजनेतल्या रुग्णालयात राउंड घेणारा डॉक्टर संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्यात बसतो, तेव्हा तिथे केशरी कार्ड चालत नाही. कुठे कॅन्सरची शस्त्रक्रिया बसते, केमो बसत नाही. कुठे केमो बसते, पण रक्तविकाराचा विभाग नोंदलेला नसतो.

एका रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलापाशी माझ्या पुढे एक बाई होत्या. रेशनकार्ड घडीवर फाटलेलं, आतून सेलोटेप लावलेली, ती पिवळी पडून कडेने उचकटलेली. टेबलामागची मुलगी पंचविशीची असेल. ती म्हणाली, "मावशी, कॅन्सर बसतो आमच्याकडे. रक्ताचा नाही बसत."

"मग रक्ताचा कॅन्सर तो कॅन्सर नाही का, बाळा?"

मुलीने उत्तर दिलं नाही. फायलीच्या पाठीवर दोन रुग्णालयांची नावं लिहिली, खाली १५५३८८ हा योजनेचा नंबर लिहिला, आणि पेन टेकवून तो मोठ्याने वाचून दाखवला.

त्या बाईंचा प्रश्न आठवला की मला मेहेरबाई टाटा आठवतात. सर दोराबजींच्या या पत्नी १९३१ मध्ये वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात ल्युकेमियाने गेल्या. पैसा होता, ओळखी होत्या, युरोपातले डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते. औषध नव्हतं. पुढच्याच वर्षी दोराबजी गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला उभारलेलं टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. मेहेरबाईंच्या नावाचा एक ट्रस्ट तर मुख्यतः रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी आहे. परळच्या फुटपाथवर पथारी टाकून बसलेल्या कितीजणांना हे माहीत असेल? आणि माहीत असून तरी काय? आज काही ल्युकेमियांत माणूस रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षं नोकरी करतो, मुलंबाळं वाढवतो. मेहेरबाईंना हे सांगितलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं याचा मी उगीचच विचार करत बसते. त्यांनी विचारलं असतं, मग आता लोक कशाने जातात? प्लेटलेट उतरत असताना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात दिवस जातात, हे मला त्यांना सांगता आलं नसतं.

जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डालाही योजना लागू झाली. आमचं कार्ड पांढरं. खायची ददात नाही, पण प्रत्यारोपणाचा खर्च आम्हालाही झेपणारा नाही. हक्क आहे तर घ्यावा, असं घरचे म्हणतात. पण खाटा तेवढ्याच आहेत. मी रांगेत उभी राहिले तर त्या बाईंचा नंबर एकाने मागे जातो. उलटंही खरं असेल. लिहिता-बोलता येणारी, अर्ज-तक्रारी करणारी माणसं रांगेत आली तर कदाचित रक्ताच्या विभागाची नोंद आणखी चार रुग्णालयांत होईल. दोन्ही पटतं. आयुष्मान कार्डाचं केवायसी मी अजून करून घेतलेलं नाही, आणि करू नये असंही मला म्हणवत नाही.